मावळच्या लेण्यांतून दिसणारे जग

(मावळातील एका वस्तीत पालकांच्या सभेत केलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

आज मी आपणांपुढे वकील म्हणून थोडा आणि याच तालुक्यात शिकलेला विद्यार्थी म्हणून अधिक बोलणार आहे. शाळेतून मूल सहलीचा कागद घेऊन येते, तेव्हा आपल्या घरांत त्याला काय उत्तर मिळते हे मला ठाऊक आहे. सहल ही खात्यापित्या घरची हौस, आपण आपला अभ्यास करावा! माझे वडीलही तेच म्हणाले होते. शेवटी आईने डब्यातले पैसे काढून दिले आणि मी आठवीच्या वर्गाबरोबर कार्ल्याला गेलो.

त्या सहलीत आम्ही पायऱ्या चढलो, एकवीरेच्या रांगेत उभे राहिलो, भेळ खाल्ली, आणि चैत्यगृहात जेमतेम दहा मिनिटे होतो. खांबावर अक्षरे दिसली. हे काय लिहिले आहे, असे मी विचारले. "काहीतरी जुने आहे, चल पुढे," हे उत्तर मिळाले. त्या उत्तराचा मला पुढे फार उपयोग झाला, कारण ते मला कधीच पुरले नाही.

विधी महाविद्यालयात असताना ग्रंथालयात त्या लेखांचे वाचन हाती आले. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. इसवी सनाच्या आरंभीच्या सुमारास कोरलेल्या त्या चैत्यगृहात सदतीस खांब आहेत, आणि त्यांतील कित्येक खांब ज्यांनी दान दिले त्यांची नावे त्यांवरच कोरलेली आहेत. कोणी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा श्रेष्ठी; कोणी सोपाऱ्याहून आलेला धम्मभाणक; कोणी सुगंधी द्रव्ये विकणारा, कोणी सुतार. भिक्षुणींची दानेही आहेत. आणि त्यांतच धेनुकाकट गावचे यवन आहेत! ते गाव नेमके कोठले, यावर विद्वानांचे एकमत नाही. परंतु यवन म्हणजे पश्चिमेकडून, ग्रीकांच्या मुलखाकडून आलेले लोक. त्यांतील एकाचे नाव तर ‘धम्म’ असे आहे.

मागच्या हिवाळ्यात वस्तीतील काही मुलांना मी तेथे नेले. हा लेख समजावून सांगताच एका मुलीने विचारले, "यवन म्हणजे परके ना? मग परक्यांची नावे आपल्या खांबावर कशी?" भूगोलाचा पाठ येथे सुरू होतो. मी तिला खाली खोऱ्याकडे पाहावयास सांगितले. घाट उतरला की कोकण, पुढे कल्याण आणि सोपारा ही बंदरे. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका समुद्रप्रवासाच्या पुस्तकात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. म्हणजे मिसरच्या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याला आपली गावे ठाऊक होती. व्यापाऱ्यांचे तांडे या घाटाने चढत-उतरत आणि वाटेवरच्या भिक्षुसंघाला दान देत. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्या लेकराने हे ऐकले की त्याची मान कशी वर होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दुसरे एक ठिकाण देहूरोड. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, आणि तेथून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर रोजी देहूरोडला त्यांनी स्वहस्ते स्थापिली. ब्रह्मदेश कोठे आहे हे नकाशात शोधण्याआधी मुलाला त्या विहारात उभे करा.

आता कायद्याचे थोडे. "धर्म बदलला म्हणजे शिष्यवृत्ती गेली," अशी भीती अनेक घरांत अजून आहे. ती निराधार आहे. १९९० च्या दुरुस्तीने मूळच्या अनुसूचित जातींतील बौद्धांस केंद्राच्याही सवलती मिळाल्या. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. मात्र १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा, आजोबांचा शाळेचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र हे कागद मूल दहावीत असतानाच गोळा करावयास लागा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात माझ्याकडे धावत येणारे पालक मी पुष्कळ पाहिले, आणि त्यांतील काहींना मला रिकाम्या हाती परत पाठवावे लागले.

एका गोष्टीबद्दल मात्र मला आपणांस सावध केलेच पाहिजे. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. २०२२ साली तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळण्यात आले. आमच्या मुलीने अभियांत्रिकी शिकावयास लंडनला जावे, पण कार्ल्यावरचे यवन कोण, हे शोधावयास जाऊ नये, असा याचा अर्थ! ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला, तो जातिसंस्थेवर. बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंडांनी त्यांना तेथे पोहोचविले होते, आणि विषय त्यांनी घरचाच निवडला. आपली भूमी दुरून पाहिली की तिचे काही नवे दिसते. तो हक्क गरिबाच्या लेकराकडून काढून घेणे मला अन्याय्य वाटते. याविरुद्ध निवेदन तयार केले आहे. सभा संपल्यावर प्रत्येकाने वाचून, पटल्यासच सही करावी.

आणि येत्या रविवारी मुलांना घेऊन सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे आहे. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. दोन्ही एका दिवसात पायी होतात. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे प्रवेशशुल्क नाही. भाकरी आणि पाण्याची बाटली बरोबर असावी. ब्राह्मीच्या मुळाक्षरांचा कागद मी आणीन, वही-पेन्सिल मुलांनी आणावी. मुलींना मागे ठेवू नका.