रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या लिफ्टमध्ये दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "थायरॉइड नॉर्मल आला, गोळी बंद केली." आणि "परवा शुगर तपासायचीय, तोवर गोड बंद." आज यावरच बोलतो.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. त्यात निम्म्याहून थोडा जास्त प्लाझ्मा, म्हणजे पिवळसर द्रव. बाकी पेशी. तांबड्या पेशी ऑक्सिजन नेतात, पांढऱ्या रोगाशी लढतात, प्लेटलेट्स रक्तस्राव थांबवतात. याच रक्तातून हार्मोन्स फिरतात. लाळेच्या ग्रंथीला नळी असते. पियुषिका, थायरॉइड, अ‍ॅड्रिनल यांना नसते. त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात, म्हणून त्या अंतःस्रावी. नोटीस सगळ्या विंगमध्ये लागते, पण ज्याचं काम असतं तोच ऑफिसात जातो. हार्मोनचंही तसंच.

पियुषिका मेंदूच्या तळाशी असते, वाटाण्याएवढी. ती आपली सेक्रेटरी समजा. मेंटेनन्स थकला की सेक्रेटरी स्मरणपत्रं वाढवतात ना? तसं थायरॉइड मंदावला की ती टीएसएच वाढवते. गोळीने उणीव भरली की टीएसएच खाली येतं आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो. म्हणजे आजार गेला असं नाही, गोळी काम करतेय. गरोदर बाईने तर मनाने गोळी मुळीच सोडू नये. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच हार्मोनवर चालते.

आता शुगर. स्वादुपिंडातलं इन्सुलिन कमी पडलं किंवा त्याचा असर होईना, की रक्तात साखर साठते. ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. ही पेशी जगते सुमारे १२० दिवस. त्यामुळे एचबीए१सी तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो. दोन दिवस जिलेबी सोडून तो बदलत नाही. अ‍ॅनिमिया असेल तर मात्र आकडा फसवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगा.

शेवटचं, रक्तगटाचं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एका अतिशय दुर्मिळ गटाची नोंद केली. तोच 'बॉम्बे' रक्तगट. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ'चंही रक्त चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. म्हणून रक्तपेढीत रक्त जुळवून पाहतात, तेवढा वेळ लागला तर नातेवाइकांनी घाई करू नये.

आपल्या घाटीत अख्ख्या मराठवाड्यातून पेशंट येतात. रक्त कारखान्यात बनत नाही, माणसानेच द्यावं लागतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तर पुरुष तीन महिन्यांनी आणि स्त्रिया चार महिन्यांनी देऊ शकतात. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी, पार्किंग, सोलर केलं. आता सोसायटीच्या ऑफिसात रक्तदात्यांची एक वही ठेवू या. पहिलं नाव माझं लिहा.