गावाला जाताना गोठ्याची सोय



आज आपण एका साध्या गोष्टीविषयी बोलू. गोष्ट साधी आहे, पण मुक्या जिवाचे जगणे-मरणे तिच्यावर अवलंबून आहे.

आपण परगावी जातो. कधी लग्नाला, कधी दवाखान्यात, कधी देवाला. आळंदीहून पंढरीला पायी जायचे तर जवळजवळ तीन आठवडे लागतात. निघताना आपण दाराला कुलूप लावतो. ते दोनदा ओढून पाहतो. मग गोठ्यातली म्हैस, परड्यातल्या शेळ्या, दारातला कुत्रा यांचे काय? जाता जाता शेजाऱ्याला म्हणतो, "जरा लक्ष असू द्या हो!" आणि एस.टी. गाठतो.

"जरा लक्ष" म्हणजे किती लक्ष? हे आपण सांगत नाही, आणि शेजारी विचारीत नाही.

एका गावची हकीकत सांगतो. वैशाखाचे दिवस होते. घरची सगळी माणसे तीन दिवस लग्नाला गेली. निघताना त्यांनी तिघा शेजाऱ्यांना सांगितले. पहिल्याने वैरण टाकली. त्याला वाटले, पाणी दुसरा पाजील. दुसऱ्याने ओली बादली पाहिली. त्याला वाटले, पाणी पाजून झाले. तिसऱ्याला वाटले, दोघे आहेत, मग आपण कशाला? दुपारी सावली सरकली. म्हैस उन्हात आली. दावे आखूड, तिला सरकता येईना. माणसे परतली तेव्हा ती जमिनीवर पडून धापा टाकीत होती. डॉक्टर आले, जीव वाचला. पण दूध आटले. त्या दुधावर घरचे मीठमिरची आणि मुलांची वह्या-पुस्तके चालत होती.

तिघेही शेजारी भले होते. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण तिघांना सांगितले म्हणजे कोणालाच सांगितले नाही, असे झाले. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, एकच माणूस ठरवा. त्याला घरी बोलवा. गोठा दाखवा. "या तीन दिवसांची जबाबदारी तुमची," असे स्पष्ट म्हणा, आणि त्याच्याकडून होकार घ्या.

आता पाण्याचा हिशेब करू. म्हशीच्या दुधात शंभर भागांपैकी ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. ते पाणी तिच्या पोटात गेल्याशिवाय कासेत कुठून येणार? मोठ्या दुभत्या म्हशीला उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ७० लिटर पाणी लागते. कधी त्याहूनही जास्त लागते. आपली बादली १५ लिटरची धरली, तर चार-पाच बादल्या झाल्या. शेजाऱ्याने सकाळी एक बादली ठेवली, तर ती कशी पुरेल? म्हशीची कातडी काळी, आणि तिला घामही कमी येतो. म्हणून तिला ऊन सोसत नाही. दुपारी सावली हवी, अंगावर पाणी घालायला हवे.

दुसरी गोष्ट धारेची. नवा माणूस बसला की म्हैस पान्हा सोडीत नाही. दूध कासेत तुंबले तर कास सुजते. म्हणून जाण्याच्या आधी दोन-तीन दिवस त्या माणसाला शेजारी बसवून धार काढा. म्हशीला त्याची ओळख होऊ द्या.

तिसरी गोष्ट चाऱ्याची. रोजचा चारा मोजून वेगळा काढून ठेवा. जनावर उपाशी राहिलेच, तर त्याच्यापुढे एकदम धान्य किंवा कोवळा चारा टाकू नये. त्याने पोट फुगते, आणि जनावर दगावतेही. आधी थोडी कोरडी वैरण द्यावी. पाणीही थोडे थोडे करून पाजावे.

आता कुत्र्याचे पाहू. काही लोक म्हणतात, "कुत्रा काय, कुठेही पोट भरील." पण तुम्ही त्याला साखळीने बांधून गेलात, तर तो कुठे जाणार? आणि मोकळा सोडलात, तर भुकेने दुसऱ्याच्या कोंबड्या धरील, पोरांच्या अंगावर जाईल. त्याचे पाणी जड भांड्यात ठेवा, म्हणजे ते कलंडत नाही. भाकरी रोज ताजी द्यायला सांगा. दरवर्षी पिसाळी रोगाची लस टोचून घ्या. कोंबड्या मात्र रोज सांजेला डालायला हव्यात, नाहीतर रानमांजर त्या नेईल.

हा नुसता दयेचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. प्राण्यांचे हाल थांबविण्यासाठी १९६० साली आपल्या देशात कायदा झाला. त्यासाठी राज्यसभेच्या सभासद रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पुष्कळ खटपट केली. पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. फार आखूड दाव्याने फार वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे.

शेजाऱ्यावर हे ओझे होईल, असे वाटते ना? मग शेतात जशी सावड करतो, तशी इथेही करा. आज त्याने तुमची म्हैस पाहिली, उद्या तो गावाला जाईल तेव्हा तुम्ही त्याच्या शेळ्या पाहा. दूध निघेल ते त्याच्या घरी जाऊ द्या. मग कोणाचे कोणावर उपकार नाहीत.

आता शेवटची गोष्ट. तोंडी सांगितलेले माणूस विसरते. पण तुम्हांला आता लिहिता येते. मग एक चिठ्ठी लिहा, आणि गोठ्याच्या दारावर लावा. ती अशी:

म्हैस १, शेळ्या २, कुत्रा १.
म्हशीला पाणी दिवसातून तीन वेळा, पोटभर.
धार सकाळी ६ वाजता, संध्याकाळी ६ वाजता.
वैरण दोन वेळा. दुपारी लिंबाखाली बांधणे.
शेळ्यांना पाणी दोन वेळा. पाला परड्यात ठेवला आहे.
कुत्र्याला भाकरी दोन वेळा. पाणी रोज बदलणे.
आम्ही सोमवारी येऊ.

खाली आपला फोन नंबर लिहा. जनावरांच्या डॉक्टरांचाही लिहा.

पुढच्या वेळी गावाला निघाल, तेव्हा आधी ही चिठ्ठी लिहा. शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. मग घराला कुलूप लावा.