केशरोपण : पूर्वतयारी आणि पथ्य



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने वेतनवाढीवर बोलावे, बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. टकलावर केस लावण्याशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. परंतु संबंध आहे. तो पैशाचा आहे, रजेचा आहे आणि कधी कधी जिवाचाही आहे. कासार आंबोली, पिरंगुट, उरवडे, घोटवडे फाटा या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारी तरुण मुले पगाराच्या पावत्या घेऊन आमच्याकडे येतात, तशी आता केशरोपणाच्या कर्जाचे हप्ते घेऊनही येऊ लागली आहेत. "भाऊ, फोटो बघूनच नकार येतो," असे ती सांगतात, तेव्हा त्यांना हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आम्ही डॉक्टर नाही. जे सांगणार आहोत ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि या वाटेने गेलेल्यांची हकीकत ऐकून जमविलेले आहे. ते ऐकून आपण डॉक्टरांना चार प्रश्न अधिक विचारलेत, तर व्याख्यानाचे चीज झाले.

प्रथम हे ध्यानात घेऊ, की अंगाच्या एका ठिकाणचे कातडे दुसऱ्या ठिकाणी बसविण्याची विद्या पुण्यास नवी नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाचा एक बैल हाकणारा टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याच्याच कपाळाचे कातडे वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तीवरून स्फूर्ती घेऊन कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. रोगी गाडीवान आणि शल्यवैद्य वीटकरी! श्रमिकांच्या इतिहासात हे पान अभिमानाने वाचावे असे आहे.

केसांच्या बाबतीत जपानमध्ये ओकुदा नावाच्या डॉक्टरने १९३९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये टकलावर केस लावले आणि १९५९ मध्ये त्यामागचे तत्त्व मांडले. ते तत्त्व असे, की केस जेथून आणला तेथला स्वभाव तो बरोबर आणतो. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात कपाळावरचे व टाळूवरचे केस एका संप्रेरकाच्या परिणामाने बारीक होत होत नाहीसे होतात. हा दोष बहुधा आनुवंशिक असतो. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या पट्ट्यातील केसांवर हा परिणाम फारसा होत नाही. म्हणून मागचे केस मुळासकट काढून पुढे लावले, तर ते पुढेही टिकतात.

मुळशीकरांना हे समजावून सांगण्यास भाताची आवणी पुरेशी आहे. रोप एका वाफ्यात वाढते, तेथून उपटून खाचरात लावले जाते. फरक इतकाच, की भाताचे रोप पुढल्या वर्षी पुन्हा टाकता येते. डोक्याच्या मागचा वाफा एकदाच मिळालेला आहे. तेथून काढलेले केस तेथे पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे केशरोपणाने केस वाढत नाहीत, त्यांची फक्त जागा बदलते. ही शिल्लक मोजकी आहे, आणि विशी-बाविशीच्या मुलाने ती घाईने खर्च केली, तर पुढे टक्कल मागे सरकत गेल्यावर लावलेले केस कपाळावर बेटासारखे उरतात व हाती रोप राहत नाही.

म्हणून पहिला प्रश्न 'केस कोठे लावू?' हा नव्हे, तर 'केस का गेले?' हा आहे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठा ताप येऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात; ते बहुधा आपोआप परत येतात. रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार, चाईसारखा रोग, बाळंतपण, अशी कितीतरी कारणे आहेत आणि त्यांचे उपाय निराळे आहेत.

बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील व आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांत डोकी उघडी पडली. बाया, मुले, म्हातारे असे अडीचशेहून अधिक लोक त्यात सापडले. शास्त्रज्ञांची पथके आली, पाण्याचे व रक्ताचे नमुने गेले. विंचूदंशावरील कामामुळे सर्वांना ठाऊक असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितले, की लोकांच्या रक्तात व रेशनच्या गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार मोठे आढळले. पुष्कळांचे केस पुढे पुन्हा येऊ लागले. आता कल्पना करा, की त्या गावांत कोणी केशरोपणाचे दुकान मांडले असते, तर किती घरे कर्जात बुडाली असती! दोष ताटातला आणि चाकू डोक्यावर, असा तो न्याय झाला असता.

कारण नक्की झाले, टक्कल नेहमीच्या प्रकारचे आहे असे ठरले, वयही योग्य आहे, तर दुसरा प्रश्न : हे काम करणार कोण? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या सप्टेंबरात याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. ती रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरानेच करावी. कार्यशाळेत पाहून किंवा चित्रफितीवरून शिकणे हे प्रशिक्षण नव्हे. जेथे शस्त्रक्रिया होते तेथे जीव वाचविण्याची साधने हवीत. असा त्यांचा आशय आहे. या सूचना उगाच निघाल्या नाहीत. मुंबईत २०१९ मध्ये एका उद्योजकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसमुळे बसवून घेतल्याचे व त्यानंतर तीव्र अॅलर्जीची लक्षणे दिसून त्यांचा मृत्यू झाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. दिल्लीत २०२१ मध्ये जंतुसंसर्गाने एक तरुण गेला. सूचना निघाल्यानंतरही, २०२४ व २०२५ मध्ये, कानपूर येथे दोन अभियंते केशरोपणानंतर मृत्यू पावले आणि तेथे शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती दंतवैद्यक असल्याची तक्रार पोलिसांत गेली. अशा घटना थोड्या आहेत, हे खरे. परंतु केसांसाठी गेलेला एक जीवही जास्तच आहे.

तेव्हा दवाखान्यात गेल्यावर भिंतीवरच्या आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांऐवजी प्रमाणपत्र पाहावे. विचारावे : भूल कोण देणार? छेद कोण घेणार? आपण स्वतः पूर्ण वेळ हजर राहणार का? मला रिअॅक्शन आली तर येथे काय सोय आहे? 'आज पैसे भराल तर निम्मी सूट' असे जेथे म्हणतात, तेथून उठून यावे. सूट कापडाच्या दुकानात ठीक आहे.

आता पूर्वतयारी. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, फीट, पूर्वी कोणत्याही औषधाची किंवा दात काढताना भुलीची झालेली अॅलर्जी, यांतले काहीही लपवू नये. रक्तातील साखर, रक्त गोठण्याचा वेळ, कावीळ व एचआयव्ही यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्या डॉक्टरने दिल्या त्यालाच विचारावे. काढे, चूर्णे, ताकदीच्या गोळ्या घेत असल्यास त्याही सांगाव्यात. तंबाखू, विडी, सिगारेट निदान दोन आठवडे आधी सोडावी, कारण तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो व रोप धरत नाही. दारूही काही दिवस आधीपासून बंद. जाताना पुढून बटणांचा सदरा घालावा, म्हणजे तो डोक्यावरून काढावा लागत नाही. सोबतीला घरचे माणूस न्यावे. स्वतः मोटारसायकल चालवीत परतण्याचा विचारही करू नये.

शस्त्रक्रियेच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीत मागची कातडीची पट्टी काढून टाके घालतात व पट्टीतून मुळे सोडवितात. दुसरीत बारीक पोकळ हत्याराने एकेक मूळ काढतात. पहिलीत रेघेसारखा व्रण राहतो, दुसरीत ठिपक्यांसारखे. व्रणच राहत नाही असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. काम जागेपणी, त्या जागेला भूल देऊन, कित्येक तास चालते. भुलीच्या औषधाला मर्यादा असते. म्हणून एका दिवसात अफाट संख्या बसवून घेण्याचा हट्ट धरू नये.

त्यानंतरचे पथ्य. पहिल्या काही रात्री डोके उंच ठेवून पाठीवर निजावे. दोन-चार दिवसांत कपाळावर व डोळ्यांभोवती सूज उतरते. ती बहुधा आठवड्यात ओसरते. डोके केव्हा व कसे धुवावे हे डॉक्टर सांगतील तसेच करावे. जोराची धार सोडू नये. खपल्या आठ-दहा दिवसांत आपण होऊन पडतात. खाज सुटली तरी नख लावू नये, नव्या रोपावरून गुरे सोडल्यासारखे होईल. घाम येणारे व ओझ्याचे काम निदान दोन आठवडे टाळावे. उन्हापासून कित्येक आठवडे जपावे. विहिरीत, नदीत पोहणे महिनाभर बंद.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास लावलेले केस गळून पडतात. येथे पुष्कळांचा धीर सुटतो. पैसे पाण्यात गेले असे वाटते. तसे नसते. आवणी झाल्यावर खाचर काही दिवस पिवळे दिसते, मग हिरवे होते. मूळ आत शाबूत असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येऊ लागतात, सहा-नऊ महिन्यांत डोळ्यांत भरतात आणि खरा निकाल पाहावयास वर्ष लागते. म्हणून पुढल्या महिन्यात लग्न आहे म्हणून आज केशरोपण, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

परंतु ताप, वाढती वेदना, पू, कातडी काळी पडणे ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अंगावर गांधी उठणे, तोंड सुजणे किंवा धाप लागणे यांत एक मिनिटही न दवडता जवळच्या मोठ्या इस्पितळात जावे.

आता आमच्या धंद्याचा भाग. वर सांगितलेले पथ्य गादीवर बसणाऱ्यास सोपे आहे. भट्टीपुढे उभे राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, डोक्यावर घट्ट हेल्मेट घालणाऱ्या कामगाराचे काय? नव्या रोपावर हेल्मेट घासू नये, म्हणून दहा-चौदा दिवस ते घालता येत नाही; आणि हेल्मेटशिवाय कारखान्यात किंवा मोटारसायकलवर जाणे म्हणजे केस वाचवून डोके घालविणे होय. मार्ग एकच : तेवढे दिवस रजा. कायम कामगाराने साठविलेली रजा आधी मंजूर करून घ्यावी. कंत्राटी कामगाराने बुडणारा पगार खर्चातच धरावा. कर्मचारी राज्य विमा योजनेतून रूप सुधारण्याचा खर्च निघेल, या भरवशावर राहू नये. खाजगी आरोग्य विम्यातही तो सामान्यतः वगळलेला असतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यानंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी. पट्ट्यात केस अडकून जिचे टाळूचे कातडे सोलून निघाले, त्या भगिनीचा उपचार ही हौस नव्हे, तिचा तो हक्क आहे.

आणि करार वाचल्याशिवाय सही करू नये, हा संघटनेचा पहिला धडा येथेही लागू आहे. संमतिपत्र आपल्याला कळेल त्या भाषेत समजावून घ्यावे, रोपांची संख्या व दर लिहून घ्यावा, पक्की पावती घ्यावी. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरविले आहे. पावतीवाचून दाद मागणे अवघड जाते.

शेवटी एक गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. केस हे आपल्याकडे नेहमीच समाजाच्या सत्तेचे ठिकाण राहिले आहे. विधवेचे केस सक्तीने उतरविले जात, तेव्हा १८९० मध्ये मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून, आम्ही हा वस्तरा चालविणार नाही, असा निर्धार केला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. ज्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना त्याच साली रविवारची सुट्टी मिळाली, तेच लोखंडे. ज्याच्या हातात वस्तरा होता, त्याने नकार दिला आणि एका जुलमावर घाव पडला. आज आपल्या हातात काय आहे? मुलगा पाहताना त्याच्या कपाळाकडे बोट न दाखविणे आपल्या हातात आहे. पाळीवर त्याला 'टकल्या' अशी हाक न मारणे आपल्या हातात आहे. ज्याला स्वतःच्या आनंदासाठी केस लावावयाचे आहेत त्याने नीट चौकशी करून, पैसे साठवून, रजा घेऊन ते खुशाल लावावेत. त्यात लाजण्याजोगे काही नाही. परंतु आपल्या हसण्याच्या भीतीने एखादा मुलगा सावकाराकडे आणि तेथून अर्धवट शिकलेल्याच्या चाकूखाली जात असेल, तर त्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून आपलीही सही असते.