घरच्या आकाशकंदिलातील एलईडी : जोडणी आणि मंदन

दिवाळीसाठी घरी केल्या जाणाऱ्या आकाशकंदिलात, कामट्या आणि पतंगाचा कागद यांच्या सांगाड्याच्या मधोमध, वर्षानुवर्षे एकच बल्ब सोडला जात असे. त्याऐवजी बारा लहान पांढरे एलईडी कोपऱ्याकोपऱ्यांत बसवले, तर उजेड सर्व बाजूंना सारखा पडतो आणि कागद तापण्याची भीती उरत नाही. मात्र बल्ब आणि एलईडी यांचा विजेशी असलेला व्यवहार मुळातच वेगळा असल्यामुळे, बल्बची सवय झालेल्या हातांनी केलेली जोडणी इथे उपयोगी पडत नाही. एलईडीच्या बाबतीत आधी आवरावा लागतो तो विद्युतप्रवाह, आणि जोडणीचे व मंदनाचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

बल्बमधील तार तापली की तिचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो आणि प्रवाहाला आपसूक आळा बसतो. एलईडी हा अर्धवाहकाचा डायोड असून तो वीज एकाच दिशेने वाहू देतो. त्याचा लांब पाय धन बाजूचा असतो. पांढऱ्या एलईडीवरील विद्युतदाब सुमारे ३ व्होल्टपर्यंत पोचेतो तो जवळजवळ निष्क्रिय राहतो, आणि त्यापुढे दाब किंचित वाढला तरी प्रवाह झपाट्याने चढतो. शिवाय तो तापला की तेवढ्याच प्रवाहाला कमी दाब पुरतो, म्हणजे तापलेला एलईडी अधिकच वीज ओढू लागतो. म्हणूनच त्याच्या वाटेत रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध असलेला घटक, घालावा लागतो.

१२ व्होल्टच्या अडॅप्टरवर तीन एलईडी एकसर, म्हणजे एकाच्या शेपटाला दुसऱ्याचे तोंड अशा रीतीने, जोडले आणि प्रत्येकावर ३.१ व्होल्ट पडले, असे धरले तर ९.३ व्होल्ट तिथे खर्ची पडतात व २.७ व्होल्ट उरतात. ओहमच्या नियमाने २.७ ला १५० ओहमने भागले असता प्रवाह १८ मिलिअँपियर येतो, जो ५ मिलिमीटरच्या एलईडीच्या नेहमीच्या २० मिलिअँपियरच्या मर्यादेत बसतो. अशा चार माळा समांतर, म्हणजे अडॅप्टरच्या त्याच दोन टोकांना शेजारी शेजारी, जोडल्या की बारा दिव्यांना मिळून ७२ मिलिअँपियर, अर्थात एक वॅटहूनही कमी वीज लागते. चारही माळांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह टाळावा. कारण एकाच पुडीतले एलईडीदेखील तंतोतंत सारखे नसतात, ज्या माळेला कमी दाब पुरतो ती इतरांच्या वाट्याचा प्रवाह ओढते आणि तीच आधी निकामी होते.

उजेड मंद करण्यासाठी दाब उतरवत नेल्यास दिवे असमान मंदावतात आणि एका टप्प्यावर एकाएकी विझतात. यावरचा उपाय म्हणजे स्पंदरुंदी नियमन : प्रवाह पूर्ण द्यायचा, पण तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि चालू काळाचे प्रमाण बदलायचे. १९७० च्या दशकाच्या आरंभी हान्स कामेनझिंड यांनी रचलेली ५५५ ही कालमापक चिप, बटण फिरवून रोध बदलता येणारा १०० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर, दोन साधे डायोड आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांच्या साह्याने सेकंदाला हजाराच्या आसपास स्पंद देते. तिचा इशारा मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक खटक्याला दिला की चारही माळा एकत्र मंदावतात, आणि वेग एवढा असल्यामुळे स्थिर कंदिलात डोळ्याला लुकलुक जाणवत नाही. डोळ्याची प्रकाशाची जाण सरळ प्रमाणात चालत नाही. उजेड निम्मा वाटावा यासाठी तो प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो, त्यामुळे बटण अर्धे फिरवले तरी उजेड फारसा उतरलेला दिसत नाही.

हा खटका १२ व्होल्टच्या बाजूलाच असावा. भिंतीवरचा पंख्याचा किंवा बल्बचा रेग्युलेटर अडॅप्टरच्या आधी लावू नये, आणि २३० व्होल्ट थेट कंदिलात नेणारी स्वस्त मंडले तर घरात आणूच नयेत, कारण गॅलरीतल्या ओलसर कंदिलाला मुलांचे हात लागतात. वरील सर्व हिशेब शालेय विज्ञानातील ओहमच्या नियमापलीकडे जात नाही. तेव्हा कागद चिकटवण्याइतक्याच हौसेने तो मुलांकडून करून घ्यावा आणि माळेतला प्रवाह त्यांना मल्टिमीटरवर स्वतः मोजू द्यावा, म्हणजे पुस्तकातला नियम त्यांच्या हाताखालच्या कंदिलात खरा ठरलेला त्यांना दिसेल.