जामीनदार कादंबरीकर्ती



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अशी समजूत होती की, आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या कायद्यावर बोलू. आम्ही विषय कळविला, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून पुन्हा विचारले, "प्रेमकथा लिहिणारी बाई? नक्की ना?" नक्की, असे आम्ही सांगितले. आमचे शिक्षण नववीपर्यंत, तेही रात्रशाळेत. पुढचे जे काही झाले ते रद्दीच्या दुकानात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा साहित्याच्या गुणदोषांवर बोलण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु काम, कामाचे तास, त्याचे दाम आणि ते दाम शेवटी कोठे जातात, या गोष्टी गेली तीस वर्षे आमच्या रोजच्या धंद्यातल्या आहेत. आणि आज जिच्याविषयी बोलावयाचे आहे ती बाई मुळात सरकारी कचेरीत नकला टाइप करणारी नोकरदार होती.

बाईंचे नाव आयडा कुक. पुस्तकांवर मात्र 'मेरी बर्चेल' असे नाव छापलेले असे. १९०४ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील संडरलंड येथे त्यांचा जन्म झाला. वडील जकात खात्यात. लुईझ ही थोरली बहीण. दोघींनी लग्न केले नाही; दोघी जन्मभर लंडनच्या वाँड्सवर्थ भागातल्या घरी एकत्र राहिल्या. शंभरांहून अधिक प्रेमकथा लिहिणारी बाई स्वतः अविवाहित, हे ऐकून आमच्या एका मित्राला मोठी गंमत वाटली होती. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, गिरणीत आयुष्यभर धोतरे विणणाऱ्या किती जणांच्या अंगावर ते धोतर चढले?

या बहिणींच्या आयुष्याला वळण लागले ते, आपल्या या मांडवात सांगण्यास आनंद वाटतो, एका व्याख्यानामुळे. १९२३ च्या सुमारास लुईझबाई सर वॉलफर्ड डेव्हिस यांच्या संगीतावरील व्याख्यानास सहज जाऊन बसल्या आणि घरी आल्या त्या ग्रामोफोन घ्यावयाचाच, असे ठरवून. कारकुनी पगारात ग्रामोफोन म्हणजे चैन. पण तो आला, तबकड्या आल्या, आणि अमेलिटा गाल्ली-कुर्ची या गायिकेच्या आवाजाने दोघींना वेड लावले. ती ऑपेरा गात असे न्यूयॉर्कला. तेव्हा या दोन टायपिस्ट बहिणींनी दोन वर्षे पै-पै साठवून न्यूयॉर्कला जाण्याचे ठरविले, आणि १९२६-२७ च्या हिवाळ्यात त्या खरोखरच गेल्या! प्रवासाचे कपडे घरी शिवले, तेही एका फॅशनच्या नियतकालिकात छापून येणाऱ्या नमुन्यांवरून. परत आल्यावर आयडाबाईंनी त्या सफरीवर लेख लिहिला आणि त्याच नियतकालिकाला विकला. ही त्यांच्या लेखणीची पहिली कमाई. पुढे सरकारी नोकरी सोडून त्या तेथेच उपसंपादक झाल्या. तेथल्या संपादिकाबाईंनी त्यांना क्रमशः कथा लिहावयास लावले आणि १९३६ साली मिल्स अँड बून या प्रकाशनाने त्यांची पहिली कादंबरी काढली.

येथे त्या धंद्याविषयी थोडे सांगावयास हवे, कारण कारखाना कळल्याशिवाय कामगार कळत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली दोन पेनीची वाचनालये होती. तंबाखूच्या, कागदाच्या दुकानांत एक कपाट. दोन पेनी द्यावयाचे, पुस्तक आठवडाभर घरी न्यावयाचे. साडेसात शिलिंगांचे नवे पुस्तक विकत घेणे दुकानातल्या मुलीला परवडत नसे, दोन पेनी परवडत. मिल्स अँड बूनची तपकिरी बांधणीची पुस्तके मुख्यतः या कपाटांत जात. वाचणारी मुलगी शनिवारी येऊन नवे काय आले असे विचारी, म्हणून पुस्तके सतत लागत. म्हणजे लेखिकेला उक्ते काम. पुस्तक दिले की पैसे, न दिले की नाहीत. प्रतिभा प्रसन्न होईल तेव्हा लिहू, अशी ऐट त्या कामात चालत नाही. कोऱ्या कागदापुढे रोज बसावयाचे, बसलेले असताना लिहावयाचे आणि ठरल्या मुदतीत माल पोहोचवावयाचा. त्यातून आधी नियतकालिकात हप्त्याने छापावयाचे असले तर प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचणारीचा जीव टांगणीला लागला पाहिजे. हे कसब आहे. आम्ही संपाच्या काळात रोज संध्याकाळी गेटसभा घेतल्या आहेत. उद्या माणूस परत आला पाहिजे अशा जागी भाषण थांबविणे किती अवघड असते ते आम्हांला ठाऊक आहे.

पैसा येऊ लागला. जन्मभर पगाराच्या पाकिटाकडे डोळे लावणाऱ्या घरात प्रथमच मोकळा पैसा आला. चांगले कपडे, प्रवास, ऑपेराची पुढच्या रांगेतली तिकिटे, अशी स्वप्ने त्या पाहू लागल्या असतील तर त्यात गैर काही नव्हते. पण त्याच्या आधीच, १९३४ साली, एक गोष्ट घडून गेली होती. ऑपेराच्या नादाने त्यांची ओळख क्लेमेन्स क्राउस हा वाद्यवृंदाचा नायक आणि व्हिओरिका उर्सुलेआक ही गायिका यांच्याशी झाली होती. या जोडप्याने आपली एक स्नेही, श्रीमती मायर-लिसमान, बहिणींच्या हवाली केली. त्या ऑपेरावर व्याख्याने देणाऱ्या विदुषी होत्या. या बाई ज्यू आहेत, आणि हिटलरच्या जर्मनीत ज्यू असणे म्हणजे काय असते, हे बहिणींना त्यांच्याकडून कळले. तोपर्यंत राजकारणाशी यांचा संबंध नव्हता. आमच्यासारखे लोक अभ्यासवर्गांतून जे शिकले ते या दोघी एका पाहुणीला लंडन दाखविता दाखविता शिकल्या.

आता मुख्य मुद्दा. जर्मनीतून सुटण्याची इच्छा असणे पुरेसे नव्हते. इंग्लंडमध्ये पाऊल टाकावयाचे तर तेथला कोणी नागरिक हमी देणारा लागे. या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, मी त्याला पोशीन, असे कागदावर लिहून देणारा. बायकांना घरकामाच्या नोकरीचा परवाना मिळे, नोकरी देणारे घर सापडले तर. अमेरिकेला जाणाऱ्यांचा क्रमांक येईपर्यंत इंग्लंडमध्ये थांबता येई, पुन्हा हमीवरच. आणि माणूस निघाला तर शेवटी शेवटी हातात दहा मार्कांवर रक्कम नेण्याची मुभा नव्हती. घरदार, दागिने सारे मागे. म्हणजे ज्याच्याकडे काल बंगला होता त्याचा जीव आज कोणा अनोळखी माणसाच्या सहीवर लटकलेला.

हा शब्द आमच्या चांगला ओळखीचा आहे, जामीन. आणि येथे थोडे स्वतःविषयी बोललो तर श्रोत्यांनी क्षमा करावी. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांच्या संपात आमचे अकरा लोक आत गेले. न्यायालयाने जामीन मंजूर केला, पण ऐपतदार जामीनदार आणा म्हणाले. झोपडीत राहणाऱ्याकडे ऐपतीचा कागद कोठून येणार? ज्यांच्या कपाटांत कामगार-चळवळीचे ग्रंथ ओळीने लावलेले आहेत अशा दोन-तीन सद्गृहस्थांकडे आम्ही गेलो. एकाने चहा दिला, एकाने उद्या या म्हणून सांगितले. आमच्या संघटनेची पत्रके संध्याकाळी टाइप करून देणाऱ्या एक बाई होत्या, दिवसा एका सरकारी कचेरीत नोकरीला. डबा खाताना त्यांच्या हातात नेहमी एखादी इंग्रजी प्रेमकथा असे, रद्दीतून दहा रुपयांना घेतलेली. "काय ताई, राजपुत्र आला का घोड्यावरून?" असे आम्ही सगळ्यांसमक्ष विचारीत असू, आणि लोक हसत. एका अभ्यासवर्गात तर ही पुस्तके म्हणजे कामकरी बाईला दिलेली अफू होय, असे त्या समोर बसल्या असताना आम्ही बोललो होतो. त्या दिवशी त्यांनीच विचारले, "भाऊ, कागद काय काय लागतात?" रेशनकार्ड आणि पगाराची पावती घेऊन त्या न्यायालयात उभ्या राहिल्या आणि दोघांना जामीन राहिल्या. पुढे त्यांच्या कचेरीतून त्यांना चौकशीचा कागदही आला. आमची चेष्टा त्यांनी एका शब्दाने परत केली नाही. कितीतरी दिवसांनी, पत्रकाची प्रत हातात देता देता, त्या एवढेच म्हणाल्या की, मी वाचते ती पुस्तके लिहिणाऱ्या एका बाईने काय केले ते एकदा वाचून पाहा. आयडा कुक हे नाव आम्हांला असे कळले.

तर आयडाबाईंनी काय केले? कादंबऱ्यांचा पैसा हमीत आणि प्रवासात घातला. आठवडा संपला की दोघी बहिणी क्रॉयडनच्या विमानतळावरून जर्मनीला जात, आणि सोमवारी सकाळी लुईझबाई आपल्या सरकारी टेबलाशी हजर असत. ऑपेराचे वेड असलेल्या दोन भाबड्या इंग्रज बाया, हे सोंग वठविण्याची गरजच नव्हती, त्या तशा होत्याच. त्यांना येण्यास निमित्त हवे म्हणून क्राउस त्या त्या तारखेला ऑपेरा लावीत असे. हा मनुष्य नाझी राजवटीतल्या मोठ्या रंगमंदिरांचा प्रमुख, आणि युद्धानंतर त्यावरून त्याला काही काळ बंदीही झाली. त्याने हे केले आणि तेही केले. आम्हांला त्याचा हिशेब जुळविता आलेला नाही.

जाताना बहिणींचे कपडे साधे असत, परतताना अंगावर फरचे कोट. आतली जर्मन दुकानांची चिठ्ठी उसवून लंडनच्या दुकानाची शिवलेली. येताना सरहद्द वेगळी आणि गाडीही वेगळी, म्हणजे जाताना पाहिलेला पहारेकरी येताना भेटू नये. एकदा हिऱ्यांची मोठी पिन आणावयाची होती. आयडाबाईंनी ती काचेची बटणे असलेल्या स्वस्त लोकरी जंपरवर सरळ छातीवर लावली. अशा जंपरवर खरे हिरे असतील असे कोणाच्या मनात येणार? वेशभूषेवरून माणसाची ऐपत वाचकाला कशी कळते, हे ज्या बाईने पानोपानी लिहिले तिलाच ही युक्ती सुचावी यात आम्हांला नवल वाटत नाही. ही पिन, हे कोट म्हणजे त्या कुटुंबाचे इंग्लंडमधले पहिल्या वर्षाचे अन्न.

पण दागिन्यांची गोष्ट ऐकावयास बरी वाटते म्हणून तीच सांगितली जाते. खरे काम रटाळ होते. पत्रे लिहा, परवान्याचे अर्ज भरा, कचेऱ्यांत जाऊन बसा, हमीदार शोधा. एका माणसाची पूर्ण हमी घेणारा मिळत नसे, तेव्हा आयडाबाई सभांतून उभ्या राहून लोकांना त्या माणसांची हकिकत सांगत आणि आठवड्याला थोडेथोडे देणारे जमवीत. याला आमच्याकडे वर्गणी म्हणतात. आलेल्या माणसांना डोके टेकण्यास जागा हवी म्हणून डॉल्फिन स्क्वेअरमध्ये एक बिऱ्हाड घेतले. आणि हे सगळे चालू असताना पुढची कादंबरी वेळेवर पुरी करावयाची, कारण ती थांबली तर हमी थांबली. लेखकाच्या दिनक्रमाविषयी पुष्कळ सुंदर गोष्टी आम्ही वाचल्या आहेत, पहाटेचा चहा, खिडकीतला मोगरा वगैरे. आयडाबाईंच्या कागदांच्या एका बाजूला नायक-नायिकेची पहिली भेट आणि दुसऱ्या बाजूला म्युनिकहून, फ्रँकफुर्टहून आलेली पत्रे असे दृश्य आमच्या डोळ्यांपुढे येते. त्या पत्रांतल्या सगळ्यांना हो म्हणणे शक्य नव्हते. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, दुकाने फोडली गेली, हजारोंना छावण्यांत नेले, आणि त्यानंतर तर मागणारांना अंत राहिला नाही. कोणाला आधी, कोणाला नंतर, हे एका प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईने ठरवावयाचे! सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि वाट बंद झाली. तोपर्यंत एकोणतीस माणसे निघाली होती.

एकोणतीस हा आकडा साठ लाखांपुढे लहान आहे, असे आमच्या एका तरुण सहकाऱ्याने म्हटले. आमचे अकरा सुटावेत म्हणून तोच तरुण चार दिवस न्यायालयाच्या पायऱ्यांवर बसला होता, याची त्याला आम्ही आठवण करून दिली नाही.

१९५० साली आयडाबाईंनी आत्मवृत्त लिहिले. पुढे १९६० च्या दशकात इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेने दोघींना आपल्या मानाच्या यादीत घेतले. त्यांच्या स्वतःच्या सरकारला मात्र २०१० साल उजाडावे लागले, तेव्हा दोघी हयात नव्हत्या. आम्हांला स्वतःला यापेक्षा दुसरी एक गोष्ट अधिक जवळची वाटते. १९६० मध्ये इंग्लंडमधल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी आपली संघटना काढली, कारण त्यांच्या धंद्याला कोणी प्रतिष्ठेने विचारीत नव्हते. १९६६ पासून १९८६ मध्ये मरेपर्यंत, वीस वर्षे, आयडाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. अशा पदावर वीस वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्याने संघटनेची एक वार्षिक सभा तरी चालविली आहे त्याने समजून घ्यावे.

आता कोणी विचारील, मग ती पुस्तके चांगली आहेत काय? आमचे जुने मत आम्ही सगळे मागे घेतलेले नाही. टायपिस्टच्या कमी पगारावर श्रीमंत नवरा हा उपाय नव्हे, पगारवाढ हा उपाय आहे, असे आम्ही अजून मानतो. मात्र न वाचता बोललो होतो, हे कबूल करणे भाग आहे. म्हणून या व्याख्यानाची तयारी करताना आम्ही ताईंकडे गेलो. त्या आता निवृत्त झाल्या आहेत. आम्ही काय मागावयास आलो ते ऐकून त्या बराच वेळ हसल्या, आणि मग माळ्यावरच्या पेटीतून दोन पुस्तके काढून दिली, पाठीला चिकटपट्टी लावलेली. शब्दकोश जवळ घेऊन एक आम्ही अकरा दिवसांत संपविले. दुसऱ्याच्या चौसष्टाव्या पानावर सध्या आहोत आणि पंधरवड्यात परत करण्याचे कबूल केले आहे.