न मोजलेली मुले
(सिंदी (रेल्वे) येथील भाषण)

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी आपली पोरे पाहून लठ्ठपणाची चिंता कुणास सुचणार नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ टक्के झाले. त्याच वेळी ३५.५ टक्के मुले खुरटलेली आढळली. हे मोजमाप उंचीच्या मानाने वजनाचे. उंचीच खुंटलेले मूल थोड्या वजनानेही अतिवजनी ठरते. म्हणजे दोन्ही आकडे कधी एकाच पोराचे असतात! पाच ते चौदा वर्षांच्या मुलांना तर ही पाहणी काट्यावर घेतच नाही, आणि पाच रुपयांच्या पुड्यांचे गिऱ्हाईक नेमके तेच. शाळेतील आरोग्य तपासणीत नोंदलेली उंची-वजने दरवर्षी गावापुढे मांडा, एवढी मागणी आपण जिल्हा परिषदेकडे लावून धरू.