द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशीं

स्वित्झर्लंड म्हटलें कीं बर्फाच्छादित शिखरें, घड्याळें आणि आगगाड्या एवढेंच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्या देशाच्या पश्चिम भागांत, जेथें फ्रेंच भाषा बोलली जाते, तेथें लेमान सरोवराच्या कांठीं वेव्हे नांवाचें एक लहानसें नगर आहे. वस्ती सुमारें २०,०००. म्हणजे महाराष्ट्रांतील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढीच. पुढें ५८० चौरस किलोमीटर विस्ताराचें पाणी, पलीकडे उभे कडे असलेले पर्वत, आणि पाठीशीं व पश्चिमेकडे पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढत गेलेले द्राक्षांचे मळे. अशा ठिकाणीं राहणाऱ्यांचें आयुष्य कसें असतें, आणि तें तसें टिकावें म्हणून कोणाला काय सोसावें लागतें, हें पाहण्याजोगें आहे.

वेव्हेचा मोठा चौक एका अंगानें थेट सरोवराकडे उघडतो. मंगळवारीं व शनिवारीं तेथें बाजार भरतो. चौकाच्या वरच्या कडेला १८०८ सालीं बांधलेली धान्यबाजाराची जुनी इमारत आहे. बाजारहाट उरकल्यावर भाजीच्या पिशव्या शेजारीं ठेवून म्हातारीं माणसें घटकाभर पाण्याकडे पाहत बसतात. सरोवरांत सांपडणारा पर्च नांवाचा लहान मासा येथील खाणावळींतून आवडीनें खाल्ला जातो, आणि त्याबरोबर जवळच्याच उतारावरची पांढरी द्राक्षमदिरा घेतली जाते. हिवाळ्यांत मात्र हेंच नगर दिवसचे दिवस धुक्याखालीं झांकलेलें असतें, आणि ‘बीझ’ नांवाचा कोरडा, बोचरा वारा सुटला म्हणजे कांठावर फिरणें नकोसें होतें.

वेव्हे हें केवळ सुखवस्तु लोकांचें विश्रांतिस्थान मात्र नव्हे. १८६७ सालीं आंरी नेस्ले यानें दूध व गव्हाचें पीठ यांपासून तान्ह्या मुलांचें खाद्य तयार केलें तें येथेंच. १८७५ सालीं दानिएल पेटर यानें दुधाचें चॉकलेट बनविलें तेंहि येथेंच. नेस्लेच्या नांवानें चालणाऱ्या उद्योगाचें मुख्य कार्यालय आजहि सरोवरकांठीं उभें आहे. सकाळीं कित्येक रहिवासी आगगाडीनें लोझान शहरीं कामाला जातात. अंतर सुमारें पाव तासाचें. जातांयेतांना गाडीच्या एका खिडकींतून पाणी दिसतें आणि दुसऱ्या खिडकींतून दगडी ताली.

या तालींच्या मुलखाला लाव्हो असें म्हणतात. लोझानच्या पूर्व सीमेपासून शिलाँच्या किल्ल्यापर्यंत, सुमारें ३० किलोमीटर, हे मळे पसरलेले आहेत. अकराव्या-बाराव्या शतकांत ख्रिस्ती मठवासीयांनीं हा उतार मोकळा करून बांधून काढण्यास आरंभ केला. तालींच्या सर्व भिंती एकापुढें एक मांडल्या तर त्यांची लांबी सुमारें ४०० किलोमीटर भरेल. तेथील शेतकरी म्हणतात कीं त्यांच्या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात : एक आकाशांतला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परावर्तित होणारा, आणि तिसरा दिवसभर तापलेल्या दगडांतून रात्रीं ऊब देणारा. शास्ला जातीचें पांढरें द्राक्ष या उबेवरच पोसतें.

परंतु या तीन सूर्यांच्या उजेडांत चौथी एक गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे माणसाची पाठ. पूर्वीं पावसानें वाहून खालीं आलेली माती टोपल्यांत भरून पाठीवरून पुन्हां वर न्यावी लागे. आज द्राक्षांच्या पेट्या वाहण्यासाठीं एका रुळावरून चढणाऱ्या छोट्या गाड्या ठिकठिकाणीं बसविल्या आहेत; तरी छाटणी, बांधणी, पानांची विरळणी आणि तोडणी हीं कामें बहुतांशीं हातानेंच करावीं लागतात. नाशिकच्या बागाइतदाराला एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्यांची संवय असते. वेव्हेची वेल हिवाळाभर झोपते. तिची छाटणी वर्षांतून एकदांच, थंडी सरत असतांना होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी येते. वसंतांतील एक कडक रात्र कोवळे कोंब जाळून टाकते, आणि उन्हाळ्यांतील गारांचा एक मारा वर्षाचे श्रम मातींत मिळवितो. या बाबतींत नाशिक आणि वेव्हे यांचें दुःख एकच आहे.

आतां जुन्या काळीं या मळ्यांचे मालक बहुधा शहरांत राहत, आणि वेलींची निगा मोलानें काम करणारा कसबी मजूर करी. मजूर कसा राबतो हें पाहण्यासाठीं मालकांनीं वेव्हे येथें एक मंडळी स्थापिली; तिचें दप्तर १६४७ सालापासूनचें आहे. ‘प्रार्थना करा आणि श्रम करा’ हें तिचें ब्रीद. मंडळीचे तज्ज्ञ मळ्यामळ्यांतून हिंडत, वेली तपासत, आणि कोणाची निगा चांगली, कोणाची हयगयीची, याचा निवाडा देत. आरंभीं या पाहणींत मालकाचा स्वार्थ होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याच्या कामांत खोड काढावयाची, त्याच्या चांगल्या कामाचा गौरवहि केला पाहिजे, ही जाणीव हळूहळू मंडळीला झाली. आणि १७९७ सालीं उत्तम कामगारांच्या मस्तकावर भर चौकांत मुकुट ठेवण्यांत आले.

त्याच प्रसंगांतून वेव्हेचा सुप्रसिद्ध द्राक्षोत्सव जन्मास आला. तो दरवर्षीं होत नाहीं, दर दहा वर्षांनींहि होत नाहीं. एका पिढींत साधारण एकदांच होतो. विसाव्या शतकांत तो १९०५, १९२७, १९५५, १९७७ आणि १९९९ या सालीं झाला, व त्यानंतर २०१९ सालीं. त्या वर्षीं बाजाराच्या त्याच चौकांत सुमारें २०,००० प्रेक्षक बसतील असें भव्य रंगस्थळ उभारलें होतें. नगरांतील व आसपासच्या खेड्यांतील हजारों साधीं माणसें, मुलें, वृद्ध, गृहिणी, दुकानदार, वेष धारण करून गातात व नाचतात. डोंगरांतील गुराखी आपलें जुनें गाणें म्हणूं लागले म्हणजे प्रेक्षकांतील कित्येकांचे डोळे पाणावतात. लहानपणीं आजोबांच्या मांडीवर बसून पाहिलेला उत्सव प्रौढपणीं आपल्या मुलांना दाखवावयाचा, अशी तेथील कालगणना आहे. २०१६ साली युनेस्कोनें या उत्सवाची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. एवढ्या थाटांतहि मानाचा क्षण असतो तो मुकुटाचा, आणि तो मुकुट मळ्यांत राबणाराच्या डोक्यावर चढतो.

येथवर सर्व गोड वाटतें. परंतु जेथें असा देखावा आहे तेथें घर बांधण्याचा मोह कोणाला होणार नाहीं ? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बंगले व मोटाररस्ते मळ्यांना गिळूं लागले. तेव्हां फ्रान्झ वेबर या पत्रकारानें लोकांपुढें प्रस्ताव मांडला कीं लाव्होचें रक्षण प्रांताच्या घटनेंतच नमूद व्हावें. १९७७ सालीं व्हो प्रांताच्या मतदारांनीं तो मान्य केला, आणि २००५ सालीं नव्या घटनेंतहि तें कलम राखलें. २००७ सालीं लाव्हो युनेस्कोच्या जागतिक वारशांत समाविष्ट झालें.

यानंतर एक विचार करावयास लावणारी घटना घडली. वेबरनें याहून कडक असा तिसरा प्रस्ताव आणला, आणि या वेळीं विरोध केला तो खुद्द द्राक्षउत्पादकांनीं. त्यांचें म्हणणें असें कीं, मळा हा कांचेच्या पेटींत ठेवण्याचा जिन्नस नव्हे. अवजारांसाठीं खोपट आणि मदिरेसाठीं तळघर बांधण्याचीहि चोरी झाली तर कसणारा उतार सोडून जाईल. आणि कसणारा गेला कीं ताली ढांसळावयास फार वर्षें लागणार नाहींत. २०१४ सालीं मतदारांनीं वेबरचा प्रस्ताव नाकारून प्रांतिक विधिमंडळाची मध्यम मार्गाची योजना स्वीकारली. १९७७ सालीं ज्यांनीं बांधकामाला आळा घातला आणि २०१४ सालीं ज्यांनीं बंधनाला आळा घातला, त्या दोघांचा हेतु एकच होता, असेंच म्हणावें लागेल.

अडचणी अर्थात् संपलेल्या नाहींत. स्वित्झर्लंडांत द्राक्षमदिरेचा खप गेल्या कांहीं दशकांत घटत आला आहे. उभ्या उतारावरच्या मळ्याला सपाटीवरच्या मळ्याहून कितीतरी अधिक श्रम लागतात, आणि दुकानांत मात्र दोन्ही बाटल्या एकाच फळीवर शेजारीं शेजारीं उभ्या असतात. वेव्हेच्या गृहिणीनें त्यांतली कोणती उचलावी, हा तिच्या घरखर्चाचा प्रश्न जितका आहे, तितकाच तिच्या खिडकींतून दिसणाऱ्या उताराचाहि आहे.

सरोवरकांठीं संध्याकाळीं दिवे लागतात. शेवटची आगबोट धक्क्याला लागते. वर एखाद्या तालीवर कोणी ढिला झालेला दगड पुन्हां जागीं बसवीत असतो. खालीं बाकावर बसलेल्यांपैकीं कांहींचें लक्ष तिकडे जातें. आणि जोंपर्यंत तें जातें आहे, तोंपर्यंत या नगराची काळजी करण्याचें कारण नाहीं.